दुखणं पाइपाला, इंजेक्शन टर्बोला

‘टर्बोची गाडी आहे, थोडं ऑइल गळणारच’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता त्याला म्हणीची प्रतिष्ठा यायची तेवढी बाकी आहे. गॅरेजमध्ये ऐकलं, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सर्वज्ञ पाहुण्यांकडूनही ऐकलं. या वाक्याला एक जुळं भावंड आहे: ‘टर्बो गेलाय, बदलून टाका.’ एक सांगतं काहीच करू नका, दुसरं सांगतं सगळंच बदला. दोघांची आई मात्र एकच, आणि ती म्हणजे आळस. ऑइल नेमकं कुठून येतंय हे गाडीखाली डोकं घालून कोणी पाहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, की टर्बोच्या आसपास ऑइल दिसलं तर संशयितांच्या यादीत टर्बोचं नाव सगळ्यात शेवटी घालावं. आधी त्याला ऑइल पुरवणारा पाइप तपासावा, मग त्याच्याकडून ऑइल परत आणणारा पाइप, मग इंजिनाच्या पोटातला दाब. हे तिघं निर्दोष सुटले तरच टर्बोला पिंजऱ्यात उभं करावं. हे बोललं की पाच-सहा ठरावीक उत्तरं येतात. त्यांचा इथे एकेक करून समाचार घेतो. पण त्याआधी टर्बोच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर हा वाद म्हणजे हवेत लाठी फिरवणं होईल.

टर्बोमध्ये एक बारीक दांडा असतो. त्याच्या एका टोकाला धुराच्या जोरावर फिरणारं चाक, दुसऱ्या टोकाला इंजिनात हवा कोंबणारं चाक. पूर्ण भरात हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. बहुतेक गाड्यांत तो बॉल बेअरिंगवर टेकलेला नसतो, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल फिल्टरमधून गाळून, इंजिनाच्या पंपाच्या दाबानं, एका बारीक पाइपातून येतं. पाइपाचं टोक बहुधा पोकळ बोल्टनं बसवलेलं असतं, ज्याला बॅन्जो बोल्ट म्हणतात. त्या टोकाच्या दोन्ही अंगांना एकेक तांब्याचा वॉशर. काम झालं की ऑइल फेसाळतं आणि खालच्या जाड पाइपातून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरकडे जातं. या परतीच्या प्रवासात ढकलायला पंप नसतो, ऑइल फक्त स्वतःच्या वजनानं उतरतं. म्हणून जाणारा पाइप बारीक आणि येणारा जाड. म्हणूनच टर्बो बनवणारे सांगतात, की परतीचा पाइप उभ्या रेषेपासून फार कलता नसावा, साधारण 35 अंशांच्या आत असावा, त्याला कुठे पोट पडू नये आणि त्याचं तोंड चेंबरातल्या ऑइलच्या पातळीच्या वर उघडावं.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. ‘टर्बोचं सील गेलं’ असं म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर नळाच्या रबरी वायसरासारखं काहीतरी असतं. तिथल्या आचेत आणि त्या वेगात तसलं रबर टिकणारच नाही. तिथे असतात पिस्टनच्या रिंगेसारख्या धातूच्या बारीक रिंगा, आणि त्या काही बाटलीच्या बुचासारख्या घट्ट नसतात. चालत्या टर्बोत बाहेरच्या बाजूला धुराचा आणि हवेचा दाब असतो, आत बेअरिंगच्या घरात तो कमी असतो. या फरकामुळे ऑइल आत राहतं, रिंगा त्याला साथ देतात. परतीचा पाइप तुंबला किंवा चेंबरातच दाब साठला, की ऑइल बेअरिंगच्या घरात उभं राहतं आणि रिंगांना वळसा घालून बाहेर पडतं. मोरीच्या जाळीत केस अडकले की पाणी उंबऱ्यावरून घरात येतं. त्यासाठी कोणी गवंडी बोलावून उंबरा फोडत नाही, जाळी साफ करतो. टर्बोच्या बाबतीत मात्र आपण दरवेळी उंबरा बदलायला निघतो. आणि जाळी तशीच तुंबलेली असेल, तर खोक्यातून काढलेला कोरा टर्बोही पहिल्याच दिवशी गळतो.

आता आक्षेपांकडे वळू.

पहिला: टर्बो म्हणजे नाजूक, नवं तंत्र, त्यात असं होणारच. नवं? स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोचं पेटंट 1905 साली घेतलं. अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार 1962 साली विक्रीला आली, आणि मर्सिडीजची 300 एसडी ही टर्बो-डिझेल मोटार 1978 साली. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनं दशकानुदशकं टर्बोवर धावली. भारतात ज्या 1248 सीसीच्या डिझेल इंजिनानं स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्या ओढल्या, ते फियाटचं इंजिन आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही बनत होतं. ज्या यंत्राला शंभर वर्षं उलटून गेली आणि जे आपल्या दारात तयार होत होतं, त्याच्या गळतीला ‘नवलाई’ म्हणून माफी कशी द्यायची?

शिवाय ‘थोडं गळू दे, महिन्याला अर्धा लिटर टाकत राहा’ हा सल्ला निरुपद्रवी नाही. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट साधारण दोनशे ते सव्वादोनशे अंश सेल्सिअस असतो, म्हणजे त्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीनं पेट घेऊ शकतात. त्याच ऑइलचा पाइप ज्या टर्बोला जोडलेला, त्याच्या धुराकडच्या बाजूतून जाणारा वायू घाटात चढताना डिझेल गाडीतही सात-आठशे अंशांपर्यंत तापतो. पेट्रोलमध्ये त्याहून जास्त. पुरवठ्याचा पाइप दाबाखाली असतो. आज जिथे ओल आहे तिथे उद्या फवारा उडाला, तर चेंबरातलं तीन-चार लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येतं. आणि परतीच्या वाटेची तुंबी वाढत जाऊन ऑइल हवेच्या बाजूला शिरू लागलं, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळत सुटू शकतं. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही.

दुसरा आक्षेप मिस्त्रींचा, आणि तो ते पुराव्यानिशी मांडतात. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा होज पाइप काढतात, आत बोट फिरवतात आणि काळं बोट तुमच्या नाकासमोर धरतात. ‘बघा साहेब, टर्बो ऑइल मारतोय.’ हा खेळ भल्याभल्यांना गार करतो. पण इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी बहुतेक गाड्यांत टर्बोच्या आधी, हवेच्या वाटेत सोडलेली असते. त्या वाफेबरोबर ऑइलचे तुषार येतात आणि होजच्या आत पातळ थर बसतो. ही ओल धडधाकट गाडीतही सापडते. बोट काळं होणं हा पुरावाच नव्हे. पाइप उलटा केल्यावर ऑइल ओघळून जमिनीवर पडलं, तर गोष्ट गंभीर आहे. तरी तेव्हाही पहिला प्रश्न ब्रीदर तुंबलाय का हाच, दुसरा एअर फिल्टर चोंदलाय का, आणि तिसरा परतीचा पाइप मोकळा आहे का.

टर्बोच तपासायचा तर त्याची रीत वेगळी आहे. हवेकडचा होज काढा, थंड इंजिनात दांड्याचं टोक चिमटीत धरा. वर-खाली किंचित हलणं हा दोष नाही, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. दांडा आत-बाहेर हलतोय असं बोटाला स्पष्ट जाणवलं, किंवा चाकाच्या पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरोखर संपलाय आणि त्याची बाजू घ्यायला मी येणार नाही. पण ही दोन मिनिटांची तपासणी न करता दिलेला निकाल मी मानत नाही.

तिसरा उपाय म्हणजे सिलिकॉन. जोड ओला दिसला की ट्यूब पिळायची. चेंबरच्या पॅकिंगला ठरावीक ठिकाणी सिलिकॉन चालतं, कंपन्याच तसं सांगतात. पण टर्बोच्या ऑइलच्या जोडांना ते लावू नका असं टर्बो बनवणारे बजावून सांगतात, आणि कारण उघड आहे. बोल्ट आवळला की जेवढं सिलिकॉन बाहेर डोकावतं तेवढंच आतही सरकतं. आतला तो तुकडा एक दिवस सुटतो आणि ऑइलबरोबर बेअरिंगच्या बारीक भोकापाशी जाऊन बसतो. बाहेरची गळती थांबते, कारण आत ऑइल पोचेनासं होतं. रोगी शांत झाला म्हणून डॉक्टरनं खूश व्हावं, तसला हा प्रकार.

चौथा उपाय: ‘अजून एक आटा मारू.’ तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो आणि दुसऱ्यांदा तसा बसत नाही. जुने मिस्त्री तो लालभडक तापवून पाण्यात टाकत आणि पुन्हा मऊ करत. ती विद्या खरी आहे. आता नवा वॉशर चहा-बिस्किटाच्या पैशांत मिळतो, तेव्हा जुनाच आवळत बसण्यात ना विद्या आहे ना बचत. जोर लावला की पोकळ बोल्ट मध्येच तुटतो किंवा घरातले आटे जातात, आणि मग खरोखरच टर्बो उतरवावा लागतो. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि टॉर्क रेंच त्यासाठीच असतो. बहुतेक गॅरेजांत तो भिंतीवर लटकलेला असतो, दसऱ्याला त्याला हळदकुंकूही लागतं. उरलेलं वर्ष तो तिथेच असतो.

पाचवा उपाय जाड ऑइलचा. कंपनीनं पातळ ऑइल सांगितलंय, ते गळतं, म्हणून 20डब्ल्यू-50 टाका, असा हिशेब. पण पुरवठ्याच्या पाइपाला तडा असेल तर जाड ऑइलही तिथून जाणारच, जरा सावकाश. परतीच्या पाइपात मात्र ढकलायला काहीच नसतं, तिथे जाड ऑइल आणखी रेंगाळतं. म्हणजे जिथे तुंबी आहे तिथेच भर. आणि सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर टर्बोच्या दांड्यापर्यंत ऑइल पोचायला लागणारा वेळ वाढतो तो वेगळाच.

आता माझीच गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या डिझेल गाडीखाली पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसायला लागला. एका मोठ्या गॅरेजात नेली. पंधरा मिनिटांत निदान आलं: टर्बो लीक, अठ्ठेचाळीस हजार. मी विचारलं, ‘कुठून लीक आहे?’ उत्तर आलं, ‘टर्बोतून.’ ‘टर्बोत कुठून?’ त्यावर तो पोरगा माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी देवळात देवाचा पत्ता विचारला होता.

मग ओळखीतून गल्लीतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘आज काही सांगत नाही. आधी हिला आंघोळ घालू.’ ब्रशनं, डिझेलनं टर्बोच्या भोवतालचं सगळं काजळीचं लेणं उतरवलं, पुसलं, कॉम्प्रेसरच्या हवेनं कोरडं केलं. गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी कपाटातून लहान मुलांच्या पावडरचा डबा काढला आणि इंजिन थंड असतानाच पाइप आणि जोड पांढरे करून टाकले. ‘ऑइल खाली आणि मागं पळतं,’ ते म्हणाले. ‘पंख्याचा वारा त्याला कुठल्या कुठं नेतो. खाली ओलं दिसतं ते गावाचं शेवटचं घर. आपल्याला वरची वेस शोधायची.’

इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं काही नाही. पावडर कोरडी. माझा धीर सुटत चालला होता. मग त्यांनी मला आत बसवून दोन हजारांवर रेस धरून ठेवायला सांगितलं आणि स्वतः दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन वाकले. मिनिटभरानं हाक आली, ‘काका, बंद करा आणि या.’ पुरवठ्याचा पाइप जिथे बॅन्जोच्या डोक्याला जोडलेला होता, त्या जोडाच्या बुडाशी पांढऱ्या पावडरीत केसाएवढी काळी रेघ उमटली होती. वॉशर कोरडे होते. त्याच्या वर सगळं कोरडं होतं. टर्बोही कोरडा होता.

इथे कोणी पाइप बदलून मोकळा झाला असता. मिस्त्री थांबले नाहीत. ‘तडा गेला का?’ असं स्वतःशीच म्हणत पाइपावरून बोट फिरवत खाली गेले. मधोमध पाइपाला धरून ठेवणारी एक पट्टी होती, पण तिचा बोल्टच नव्हता. आधी कधीतरी कोणीतरी तिथलं काही काम करताना तो काढला होता आणि परत लावला नव्हता. आधाराविना पाइप इंजिनाबरोबर थरथरत राहिला, आणि सगळा ताण त्या जोडावर आला. नवा पाइप, नवे वॉशर, डब्यातून शोधलेला एक बोल्ट. पाइप जोडण्याआधी टर्बोच्या तोंडात थोडं स्वच्छ ऑइल ओतलं, इंजिन सुरू होऊ न देता दोन-तीनदा सेल्फ मारून ऑइल वर आणलं, मग थोडा वेळ नुसतं सावकाश चालू ठेवलं. एकूण बिल चार हजारांच्या आत. जुना पाइप त्यांनी माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. उजेडात धरला तर तडा दिसत नाही. जरासा वाकवला की ओठ उघडावेत तसा उघडतो.

त्या पंधरा मिनिटांच्या निदानावर विश्वास ठेवून मी टर्बो बदलला असता तर काय झालं असतं? नव्या टर्बोला तोच जुना पाइप जोडला गेला असता, पट्टी तशीच लोंबकळत राहिली असती, आणि महिन्याभरात फरशीवर पुन्हा डाग. मग ‘नवा टर्बो पण डिफेक्टिव्ह निघाला’ हे ठरलेलं.

सहावा आक्षेप इथेच निकालात निघतो: ‘नवा टर्बो टाकला की वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही.’ युरोपात या समजुतीची किंमत लोकांनी मोठ्या प्रमाणावर मोजली आहे. प्यूजो-सिट्रोएन आणि फोर्डच्या 1.6 लिटर डिझेल इंजिनाचं उदाहरण तिथल्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे. ते इंजिन व्होल्वो, माझदा, मिनी अशा कितीतरी गाड्यांत बसलं. त्यात इंजेक्टरच्या बुडाचा वॉशर सैल पडला की जळालेला वायू वर येई, ऑइलमध्ये काजळीचा गाळ होई, आणि तो गाळ टर्बोच्या पुरवठ्याच्या पाइपातल्या बारीक जाळीत अडके. टर्बो कोरडा पडून मरे. लोक नवा टर्बो टाकत, जाळी आणि गाळ तसाच, आणि दुसरा टर्बोही त्याच वाटेनं जाई. शेवटी टर्बो विकणाऱ्यांनीच अट घालायला सुरुवात केली: नवा पाइप घातल्याचा आणि चेंबर साफ केल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर वॉरंटी नाही. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं तेच मी इथे ठळक अक्षरात सांगतोय.

आता शेवटचा आक्षेप. हा एकटाच मला मनापासून मान्य आहे, म्हणून तो शेवटी ठेवला. एक तरुण मेकॅनिक मला म्हणाला, ‘काका, तुमचं सगळं खरं. पण शोधायला माझी अर्धी सकाळ जाते. गिऱ्हाईक पार्टचे अठ्ठेचाळीस हजार कुरकुरत का होईना देतं. नुसतं बघायचे पाचशे मागितले तर म्हणतं, बघायचे कसले पैसे?’

त्याला मी काय उत्तर देणार? दोष आपलाही आहे. आपण वस्तूचे पैसे देतो, नजरेचे देत नाही. नाना पेठेतून आणलेल्या पार्टचं बिल आपण दोनदा वाचतो, घासाघीस करतो, पण गळतीचा उगम शोधून काढणाऱ्या माणसाची मजुरी आपल्याला फुकटात हवी असते. मग तोही शहाणा होतो. त्याला जे विकून पैसे मिळतात ते तो विकतो. पण म्हणून न पाहता केलेलं निदान खरं ठरत नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की त्या निदानाची किंमत आपण शून्य ठरवली आणि मालही तसाच मिळाला.

माझ्या मिस्त्रींनी दिलेल्या बिलावर तीन ओळी होत्या: पाइप, वॉशर, फिटिंग. धुतलेलं इंजिन, रात्रभराची वाट, पावडरचा डबा, आरसा, त्या सगळ्याला एकही ओळ नव्हती. मी खिशातून पेन काढलं आणि खाली चौथी ओळ लिहिली: ‘लीकेज शोधणे, 700.’ त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि हसले. ‘असं कोणी लिहीत नाही, काका.’ पैसे मात्र मोजून घेतले. पुढच्या गिऱ्हाइकाच्या बिलावर ही ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावी, एवढंच माझं मागणं आहे.